१८७२ चे दोन विवाह कायदे आणि सोलापुरातले आजचे एक लग्न

दप्तरखाना

१८७२ साली गव्हर्नर जनरलच्या कायदेमंडळाने विवाहाविषयी दोन कायदे मंजूर केले आणि दोघांचा स्वभाव एकमेकांच्या अगदी उलट होता. त्या वर्षीचा तिसरा कायदा म्हणजे विशेष विवाह कायदा. त्याखाली लग्न करायचे असेल तर आपण ख्रिस्ती, ज्यू, हिंदू, मुसलमान, पारशी, बौद्ध, शीख किंवा जैन यांपैकी कोणत्याही धर्माचे नाही, असे वधूवरांना लिहून द्यावे लागे. त्याच वर्षीचा पंधरावा कायदा म्हणजे भारतीय ख्रिस्ती विवाह कायदा. वधूवरांपैकी एक जण जरी ख्रिस्ती असला तरी लग्न कोणी लावायचे, दिवसाच्या कोणत्या वेळेत लावायचे, साक्षीदार किती असावेत आणि नोंद कोणत्या पुस्तकात करायची, हे सगळे त्यात ठरवून दिलेले आहे. पहिला कायदा १९५४ साली रद्द होऊन त्याच नावाचा नवा आला. दुसरा मात्र काही दुरुस्त्यांसह आजही लागू आहे.

हा इतिहास आता काढण्याचे कारण असे की ओळखीच्या एका घरी लग्न ठरले आहे. मुलगी मराठी ख्रिस्ती, मुलगा लिंगायत, दोन्ही घरे सोलापूरचीच. मुलाकडच्यांचा बेत असा आहे की स्वामींना, म्हणजे लिंगायत गुरूंना, बोलावून मंगल कार्यालयात अक्षता टाकायच्या आणि नंतर महापालिकेत जाऊन प्रमाणपत्र घ्यायचे. मुलीकडच्यांना चर्चमधले लग्न हवे आहे. दोन्हीकडची वडीलधारी मंडळी सध्या प्रमाणपत्र कुठे लवकर मिळेल याचीच चौकशी करीत आहेत. माझे म्हणणे असे आहे की प्रमाणपत्राचा विचार शेवटी करावा. लग्न कोणत्या कायद्याखाली लावायचे हे आधी ठरले पाहिजे, आणि ते तारीख धरण्यापूर्वी ठरले पाहिजे. जाणकारांनी आपली मते मांडावीत.

चाटी_गल्ली

साहेब, आपला मुद्दा समजला, पण एक शंका आहे. आमच्या समाजात लग्नात होम नसतो आणि सप्तपदीही घराघरांप्रमाणे वेगळी असते. गुरूंचा आशीर्वाद आणि अक्षता यांवर आमची लग्ने पिढ्यान्‌पिढ्या लागत आली आहेत आणि त्यांना कोणत्याही न्यायालयाने हरकत घेतल्याचे ऐकिवात नाही. मग याच पद्धतीने हे लग्न लागले तर त्यात अडचण कोणती? शिवाय अक्षतांचे महत्त्व सोलापूरकराला वेगळे सांगायला नको. दर जानेवारीत सिद्धेश्वराच्या यात्रेत संमती कट्ट्यावर सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाचा आणि कुंभारकन्येचा विवाह लागतो, सातही नंदीध्वज तिथे उभे असतात, संमतीचे वाचन होते आणि हजारो माणसे अक्षता टाकतात. इतके साक्षीदार कोणत्याही निबंधकाच्या कार्यालयात जमणार नाहीत.

नवीपेठ_वकील

आपण म्हणता ते लिंगायत वधू आणि लिंगायत वर यांच्यापुरते पूर्णपणे बरोबर आहे. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याच्या दुसऱ्या कलमात वीरशैव आणि लिंगायत यांचा नावानिशी उल्लेख आहे, आणि सातव्या कलमाप्रमाणे वधू किंवा वर यांपैकी कोणाही एकाच्या रूढीप्रमाणे विधी झाला तरी लग्न लागते. सप्तपदी रूढीचा भाग असेल तरच सातव्या पावलाचा प्रश्न येतो. त्यामुळे होम नाही म्हणून लिंगायत लग्नाला बाधा येत नाही.

अडचण विधीची नसून माणसांची आहे. हिंदू विवाह कायद्याच्या पाचव्या कलमाची सुरुवातच ‘दोन हिंदूंमधील विवाह’ अशी आहे. हिंदू आणि ख्रिस्ती यांनी हिंदू पद्धतीने लावलेले लग्न या कायद्याखाली वैध ठरत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने गुल्लिपिल्ली सौर्या राज विरुद्ध बंडारू पावनी या प्रकरणात डिसेंबर २००८ मध्ये स्पष्ट केले. त्या प्रकरणात लग्न मंदिरात लागले होते आणि त्याची नोंदही हिंदू विवाह कायद्याखाली झाली होती. नोंदीने ते लग्न वाचले नाही.

दुसऱ्या बाजूने १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा उभा आहे. त्याचे चौथे कलम म्हणते की ज्या विवाहात एक किंवा दोन्ही पक्ष ख्रिस्ती असतील तो विवाह पाचव्या कलमात सांगितलेल्या व्यक्तींकडूनच लावला गेला पाहिजे, नाहीतर तो रद्दबातल. या यादीत स्वामी बसत नाहीत. म्हणजे मंगल कार्यालयातल्या अक्षतांवरच हे लग्न थांबले, तर ते दोन्ही कायद्यांच्या मध्ये पडेल. वारसा, निवृत्तिवेतन किंवा दुर्दैवाने घटस्फोट यांपैकी काहीही पुढे आले की समोरचा वकील पहिला प्रश्न हाच विचारील.

चाटी_गल्ली

म्हणजे मुलीने एकदा नाव बदलून घेतले तर?

नवीपेठ_वकील

नाव बदलल्याने धर्म बदलत नाही. धर्मांतर हा पूर्णपणे वेगळा निर्णय आहे आणि केवळ लग्नाच्या सोयीसाठी तो कोणी घ्यावा असा सल्ला मी देणार नाही. त्याची गरजही नाही, कारण १९५४ चा विशेष विवाह कायदा नेमका अशा लग्नांसाठी आहे.

पाळकांचा_नातू

चर्चच्या बाजूने काही गोष्टी सांगतो, कारण आमच्या घरात दोन पिढ्या याच कामात गेल्या.

पाचव्या कलमातली यादी वाचली की त्या काळची उतरंड दिसते. सर्वांत वर बिशपकडून दीक्षा मिळालेला धर्मगुरू, मग चर्च ऑफ स्कॉटलंडचा धर्मगुरू, मग सरकारी परवाना घेतलेला धर्मोपदेशक, मग विवाह निबंधक आणि शेवटी केवळ हिंदी ख्रिस्ती लोकांच्या विवाहाचे प्रमाणपत्र देण्याचा परवाना असलेली व्यक्ती. पहिल्या दोघांना सरकारचा परवाना लागत नसे. सोलापुरात काम उभे केले ते अमेरिकन मराठी मिशनने, आणि तिथली मंडळी, म्हणजे चर्चचा स्थानिक समुदाय, बिशपांच्या व्यवस्थेतली नव्हती. साहजिकच आमच्या आजोबांसारख्या मराठी पाळकाला लग्न लावण्यासाठी सरकारी परवाना घ्यावा लागे आणि तो सरकारला काढूनही घेता येत असे. गावोगावी लग्ने लावणाऱ्या माणसाचा अधिकार असा एका कागदावर टांगलेला होता.

वेळेचा नियम तर फार मजेदार आहे. दहाव्या कलमाप्रमाणे लग्न सकाळी सहा ते संध्याकाळी सात या वेळेतच लागले पाहिजे. रोमन कॅथलिक धर्मगुरूला त्याच्या बिशपच्या परवानगीने आणि इंग्लंडच्या चर्चच्या धर्मगुरूला विशेष परवान्याने रात्रीही लग्न लावता येई. स्कॉटलंडच्या चर्चलाही सूट होती. परवानाधारक पाळकाला मात्र ती नव्हती. वेळेबाहेर लग्न लावणाऱ्यासाठी ६९ व्या कलमात तीन वर्षांपर्यंतच्या कारावासाची तरतूद आहे. मूळ हेतू चोरून लग्ने लागू नयेत हा होता आणि तो इंग्लंडातल्या प्रथेतून आला. आपल्याकडे गोरज मुहूर्ताची इतकी सवय की पाहुणे सातच्या पुढेच येतात. त्यामुळे अजूनही आमचे पाळक घड्याळाकडे बघून वऱ्हाडाला आवरते घ्यायला सांगतात. जेवणावळ रात्री अकरापर्यंत चालली तरी हरकत नाही, पण वचने सातच्या आत झाली पाहिजेत.

आता या लग्नाविषयी. ख्रिस्ती आणि बिगरख्रिस्ती यांचे लग्न या कायद्याखाली लागू शकते, ‘एक किंवा दोन्ही’ हे शब्द त्यासाठीच आहेत. मात्र कायद्याने मुभा दिली म्हणून प्रत्येक मंडळी ते लावीलच असे नाही. मंडळीचे स्वतःचे नियम असतात, म्हणून पाळकांशी आधी बोलावे. पाळकांना लेखी सूचना द्यावी लागते, ती चर्चमध्ये लावली जाते, सूचना मिळाल्यावर चार दिवस गेल्याशिवाय ते दाखला देत नाहीत आणि दाखल्यानंतर दोन महिन्यांत लग्न लागले नाही तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

पूर्वभाग

मी साखर पेठेपलीकडच्या विणकरांच्या वस्तीत वाढले. आमच्या पद्मशाली लग्नात मुहूर्ताच्या क्षणी वधूवर एकमेकांच्या डोक्यावर जिरे-गूळ ठेवतात, आणि तो क्षण आमच्या लेखी खरे लग्न. इंग्रज सरकारने त्याविषयी कधी काही विचारल्याचे आमच्या घरच्यांना आठवत नाही. हिंदूंच्या विवाहविधीत सरकारने हात घातलाच नाही, असे म्हणणे बरोबर ठरेल का?

दप्तरखाना

ताई, जवळजवळ बरोबर आहे. रूढी नीट सिद्ध झाली तर ती शास्त्रवचनाहून वरचढ ठरते, असे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे त्या काळच्या लंडनमधल्या सर्वोच्च अपील न्यायालयाने, १८६८ साली मदुरेच्या प्रकरणात सांगितले आणि तेच धोरण पुढे राहिले. त्यामुळे हिंदूंच्या विवाहाला ना सरकारी परवानाधारक पुरोहित होता, ना वेळेचे बंधन, ना नोंदवही.

पण एक अपवाद फार महत्त्वाचा आहे. १८५६ च्या हिंदू विधवा पुनर्विवाह कायद्याचे सहावे कलम विधीविषयीच बोलते. कुमारिकेच्या लग्नात जे शब्द आणि जे विधी लग्न पूर्ण करतात, तेच विधवेच्या लग्नातही पूर्ण करतील, असे ते म्हणते. पांढरपेशा घरांसाठी ही क्रांती होती. आपल्याकडच्या बहुसंख्य जातींत मात्र पाट लावण्याची, म्हणजे विधवेचे पुन्हा लग्न लावण्याची, पद्धत आधीपासूनच होती आणि तिला कोणाच्या परवानगीची गरज नव्हती. त्या स्त्रियांच्या वाट्याला या कायद्याचे दुसरे कलम आले. त्यात पुनर्विवाह करणाऱ्या विधवेचा पहिल्या नवऱ्याच्या मालमत्तेवरचा हक्क संपतो असे लिहिले होते. ज्या जातींत पुनर्विवाह आधीपासून रूढ होता त्यांनाही हे लागू करावे काय, यावर न्यायालयांत मतभेद झाला. अलाहाबाद उच्च न्यायालयाने स्त्रियांच्या बाजूने कौल दिला, मुंबईने विरुद्ध. सोलापूर मुंबई इलाख्यात होते. म्हणजे पाट लावणाऱ्या इथल्या बाईला कायद्याने नवे काही दिले नाही आणि तिच्या हातातली जमीन तेवढी गेली. सुधारणेच्या कायद्यांचे गुणगान करताना हे पान बहुतेक जण उलटून पुढे जातात.

पूर्वभाग

हे मला अजिबात ठाऊक नव्हते. आमच्याकडच्या जुन्या वाटणीपत्रांत पाट लागलेल्या आजीचे नाव का नसते, याचे उत्तर कदाचित यात असेल.

अक्कलकोट_रस्ता

बालविवाहाला आळा घालणाऱ्या शारदा कायद्याचाही विषय इथे निघायला हवा. तो १९२९ साली मंजूर झाला आणि १ एप्रिल १९३० पासून लागू झाला. मुलाचे वय १८ आणि मुलीचे १४ ठरले. लागू होण्यापूर्वी देशभर बालविवाहांची एकच घाई उडाली होती. आमच्या भागात आणखी एक सोय होती: कायदा ब्रिटिश हिंदुस्थानापुरता होता, आणि सोलापुरातून एका बाजूला अक्कलकोट संस्थान तर दुसऱ्या बाजूला निजामाचे राज्य बैलगाडीच्या अंतरावर होते.

नवीपेठ_वकील

शिवाय तो कायदा दात नसलेला होता. लग्न रद्द होत नव्हते, लावून देणाऱ्याला फार तर एक महिन्याची साधी कैद आणि एक हजार रुपयांपर्यंत दंड, तक्रार एका वर्षाच्या आत करायची, आणि तक्रारदाराकडूनच शंभर रुपयांपर्यंतचे जामीनपत्र घेतले जाई. लग्नाची नोंदच नसल्यामुळे लग्न कधी लागले आणि मुलीचे वय किती होते हे सिद्ध करायचे तरी कसे? नोंदणी नसण्याची किंमत तिथे सर्वांत स्पष्ट दिसते.

विजापूर_वेस

निकाहाचा मुद्दा राहून जाऊ नये. ब्रिटिश सरकारने १८६४ साली काझींच्या सरकारी नेमणुका बंद केल्या. निकाह लावायला आणि इतर धार्मिक कामांना सरकारने नेमलेला काझी हवा अशी मुसलमानांची मागणी आली, तेव्हा १८८० साली काझी कायदा झाला. तो अगदी छोटा आहे, पण चौथे कलम वाचण्यासारखे आहे. नेमलेल्या काझीला न्यायदानाचा किंवा प्रशासनाचा कोणताही अधिकार नाही, निकाहाला त्याची हजेरी आवश्यक नाही, आणि त्याचे काम दुसऱ्या कोणी केले तर त्याला मनाई नाही. काझी नेमायचा, पण त्याच्या नेमणुकीला काही अर्थ उरू द्यायचा नाही, असा हा प्रकार.

तरीही व्यवहारात काझींच्या दप्तराला मोल आहे. निकाहनाम्यात मेहरची (वराने वधूला द्यायची) रक्कम, वकील (वधूच्या वतीने बोलणारा) आणि दोन गवाह, म्हणजे साक्षीदार, यांची नावे आणि सह्या असतात, आणि जुन्या दप्तरांतून तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे निकाह आजही शोधून काढता येतात. हिंदूंकडे नोंदवही नव्हती असे वर म्हटले आहे. आमच्याकडे ती होती, पण सरकारची नव्हती.

दप्तरखाना

आपण म्हणता ते अगदी योग्य. हिंदूंच्या बाजूला वही नव्हती, पण वतनदार मात्र होता, आणि हा विषय आपल्या भागासाठी फार मोलाचा आहे म्हणून थोडा लांबण लावतो.

गावातल्या लग्नांवर ग्रामजोशाचा वंशपरंपरागत हक्क असे. मुंबई इलाख्यातल्या न्यायालयांनी हा हक्क मालमत्तेसारखा मानला. यजमानाने दुसऱ्या भटजीकडून विधी करून घेतला तरी गावचा जोशी आपल्या दक्षिणेसाठी फिर्याद करू शके. म्हणजे एकीकडे हिंदूंच्या विधीत हात घालायचा नाही असे धोरण, आणि दुसरीकडे विधी न करणाऱ्यालाही त्याचे पैसे मिळवून देणारे न्यायालय! जोतीराव फुल्यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी सत्यशोधक समाज स्थापन केला आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला भटजीशिवाय पहिला सत्यशोधक विवाह लागला. त्याला विरोध झाला त्यात धर्माइतकाच उत्पन्नाचाही प्रश्न होता. पुढे जुन्नर तालुक्यातल्या ओतूरच्या जोश्यांनी अशाच लग्नावरून फिर्याद केली आणि ते प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर १९२६ साली मुंबई कायदेमंडळाने कायदा केला आणि ज्याला विधीसाठी बोलावलेच नाही त्याला दक्षिणा मागता येणार नाही असे ठरले.

आता १८७२ आणि १९२६ ही दोन साले शेजारी ठेवून पाहा. सोलापूरच्या ख्रिस्ती पाळकाला लग्न लावण्यासाठी सरकारकडे परवाना मागावा लागत होता, त्याच काळात गावच्या जोशाला लग्न न लावताही न्यायालयाकडून पैसे मागता येत होते. धर्मात ढवळाढवळ न करण्याचे धोरण प्रत्येकासाठी सारखे नव्हते, हे मला यातून दिसते.

चाटी_गल्ली

माहिती उद्बोधक आहे, पण मूळ प्रश्नाकडे येऊ या. वकीलसाहेब १९५४ चा कायदा सुचवीत आहेत. त्याखाली तीस दिवसांची नोटीस भिंतीवर लागते. सोलापुरात एखाद्या भिंतीवर नाव लागले की संध्याकाळपर्यंत ते सात रस्त्यापासून बाळीवेशीपर्यंत पोहोचते. दोन्ही घरे राजी असताना नातेवाइकांना आणि त्रयस्थांना हरकतीचे आमंत्रण कशाला द्यायचे?

नवीपेठ_वकील

आपली तक्रार रास्त आहे आणि ती बरीच जुनी आहे. १८७२ च्या विशेष विवाह कायद्यात नोटिशीची मुदत चौदा दिवसांची होती. स्वतंत्र भारताने १९५४ साली ती कमी करण्याऐवजी तीस दिवसांची केली. धर्मत्यागाची अट काढली हे मोठे पाऊल, पण नोटीस वाढवली हे मात्र माझ्या मते मागे टाकलेले पाऊल आहे. अलाहाबाद उच्च न्यायालयाने जानेवारी २०२१ मध्ये अशी नोटीस प्रसिद्ध करणे पक्षांच्या इच्छेवर ठेवले, परंतु त्या निर्णयाच्या भरवशावर महाराष्ट्रात चालता येणार नाही. आपल्याकडे तीस दिवस धरूनच तारीख ठरवावी. वधूवरांपैकी किमान एकाने नोटिशीपूर्वी सलग तीस दिवस त्या जिल्ह्यात राहिलेले असले पाहिजे, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांत लग्न लागले नाही तर नवी नोटीस द्यावी लागते.

हरकत घेणाऱ्याला मात्र ‘आम्हाला पसंत नाही’ एवढे म्हणून भागत नाही. आधीचा जोडीदार हयात असणे, वय कमी असणे, निषिद्ध नाते असणे, संमती देण्याइतकी मानसिक स्थिती नसणे अशी कायद्याने ठरवलेली कारणेच चालतात. दोन्ही घरे राजी असतील तर ही नोटीस म्हणजे एका महिन्याची वाट पाहणे, त्यापलीकडे काही नाही.

आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगण्यासारखी आहे. या कायद्याखाली लग्न कोणत्याही विधीने लावता येते. विवाह अधिकारी आणि तीन साक्षीदार यांच्यासमोर वधूवरांनी एकमेकांना कायदेशीर पती आणि पत्नी म्हणून स्वीकारत असल्याचे, एकमेकांना समजेल अशा भाषेत म्हटले की कायद्याचे काम झाले. हे १८७२ च्या विशेष विवाह कायद्यातूनच आले आहे. त्याच्या आगेमागे स्वामींच्या अक्षताही पडू शकतात आणि चर्चमध्ये आशीर्वादाची उपासनाही होऊ शकते. दोघांपैकी कोणाच्याही आईला रुखवत मांडण्यापासून कायदा अडवत नाही.

पूर्वभाग

वकीलसाहेब, लोक ‘रजिस्टर लग्न’ म्हणतात ते नेमके कशाला? माझ्या चुलत बहिणीचे लग्न धार्मिक पद्धतीने झाले आणि नंतर तिने महापालिकेत नोंद केली. तेही रजिस्टरच ना?

नवीपेठ_वकील

तिचे लग्न आधीच लागलेले होते, महापालिकेने फक्त त्याची दखल घेतली. ही नोंद १९९८ च्या महाराष्ट्राच्या कायद्याखाली होते. त्याआधी १९५३ चा मुंबई विवाह नोंदणी कायदा होता. लग्नानंतर नव्वद दिवसांत वधूवर आणि तीन साक्षीदार यांनी नमुना ‘ड’ मधले ज्ञापन भरून निबंधकापुढे हजर व्हायचे असते, त्यावर लग्न लावणाऱ्या पुरोहिताची किंवा काझींची सहीही लागते. खेड्यात हेच काम ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) करतात. सीमा विरुद्ध अश्विनीकुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २००६ मध्ये सर्व धर्मीयांच्या लग्नांची नोंदणी सक्तीची करण्याचे निर्देश दिले, त्यानंतर लोक जागे झाले. पारपत्र काढायला निघेपर्यंत अनेकांना ही नोंद आठवत नसे.

विशेष विवाह कायद्याखाली मात्र अधिकाऱ्यापुढे लग्नच लागते. पहिल्या प्रकारात नोंद नसली तरी लग्न शिल्लक राहते, पण लग्न नसेल तर नोंदीचा उपयोग शून्य. सर्वोच्च न्यायालयाने २०२४ साली डॉली राणी प्रकरणात हेच सांगितले. तिथे दोन वैमानिकांनी विधी न करताच प्रमाणपत्र मिळवले होते, आणि ते लग्नच नव्हे असे न्यायालयाने ठरवले. महाराष्ट्रातले भाऊराव लोखंडे प्रकरण याची दुसरी बाजू दाखवते. पहिली पत्नी असताना केलेले दुसरे लग्न गांधर्व पद्धतीचे होते आणि आवश्यक विधी सिद्ध झाले नाहीत, म्हणून १९६५ साली पहिली पत्नी असताना दुसरे लग्न केल्याच्या आरोपातून भाऊराव सुटला. विधी अपुरे ठेवणे हे पुरुषांच्या पथ्यावर कसे पडते, त्याचे याहून स्पष्ट उदाहरण मला माहीत नाही. मुलीकडच्यांनी ‘विधी कसाही करा’ असे म्हणू नये, ते यासाठी.

दप्तरखाना

एक मुद्दा अजून कोणी काढलेला नाही आणि मुलाकडच्या घरासाठी तोच सर्वांत महत्त्वाचा ठरू शकतो. तो म्हणजे शेतजमीन.

१८७२ च्या कायद्यातली धर्मत्यागाची अट हिंदूंना जाचक होती. १९२३ साली कायदेमंडळाचे सदस्य हरिसिंग गौर यांच्या प्रयत्नाने दुरुस्ती झाली आणि हिंदू, बौद्ध, शीख व जैन यांना आपला धर्म न सोडता आपसांत या कायद्याखाली लग्न करता येऊ लागले. त्याची किंमत मात्र वसूल केली गेली. असे लग्न करणारा एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे समजले जाई, त्याला दत्तक घेण्याचा हक्क राहत नसे, आणि त्याच्या वडिलांना दुसरा मुलगा नसेल तर त्यांना दत्तक घेण्याची मुभा मिळे. कायद्याच्या दृष्टीने मुलगा जिवंत असूनही घराला वारस नसल्यासारखी ही तरतूद होती.

१९५४ च्या कायद्यात दत्तकाच्या तरतुदी आल्या नाहीत, पण विभक्त होण्याची तरतूद १९ व्या कलमात तशीच राहिली. १९७६ साली दुरुस्ती झाली आणि वधूवर दोघेही हिंदू, बौद्ध, शीख किंवा जैन असतील तर हे कलम लागू होणार नाही असे ठरले. आपल्यासमोरच्या लग्नात मुलगी ख्रिस्ती आहे, म्हणून ही सवलत मिळणार नाही. विशेष विवाह कायद्याखाली लग्न लागताच मुलगा एकत्र कुटुंबातून विभक्त झाला असे धरले जाईल, आणि त्या दोघांच्या संपत्तीचा वारसा १९२५ च्या भारतीय उत्तराधिकार कायद्याने चालेल. विभक्त होणे म्हणजे हिस्सा गमावणे नव्हे. उलट त्याचा हिस्सा निश्चित होतो. पण दक्षिण सोलापुरातल्या वीस एकर सामाईक रानात चार भावांची नावे असतील तर हे आधी समजलेले बरे.

चाटी_गल्ली

हे मात्र घरच्यांना आजच सांगितले पाहिजे. चर्चमध्ये १८७२ च्या कायद्याखाली लग्न लावले तरीही असेच होईल का?

नवीपेठ_वकील

ख्रिस्ती विवाह कायद्यात विभक्त होण्याची तरतूद नाही. तो लग्न लावण्यापुरता आणि नोंदण्यापुरता आहे. मुलाचा धर्म बदललेला नसेल तर त्याच्या संपत्तीचा प्रश्न वेगळ्या रीतीने पाहावा लागेल. मात्र चर्चमधले लग्न नंतर विशेष विवाह कायद्याच्या पंधराव्या कलमाखाली नोंदवले, तर ते त्याच कायद्याखाली लागल्यासारखे मानले जाते, आणि १९ वे कलम पुन्हा समोर येते. काही घरे ‘दोन्ही प्रमाणपत्रे असू द्यावीत’ म्हणून असे करतात आणि परिणाम विचारात घेत नाहीत. एकच मार्ग निवडावा. माझे मत विचाराल तर विशेष विवाह कायदा घ्यावा, आणि जमिनीसाठी घरातल्या घरात वाटणीपत्र नोंदवून टाकावे; विभक्तपणाला घाबरण्यापेक्षा तो कागदावर आणणे बरे.

पाळकांचा_नातू

माझे मत थोडे वेगळे आहे. मंडळी तयार असेल तर चर्चमधले लग्न पूर्णपणे कायदेशीर आहे, त्याला महिनाभराची नोटीस नाही, आणि मुलीकडच्यांचे मनही राखले जाते. पाळकांचा परवाना चालू आहे ना एवढे मात्र बघून घ्यावे. तो विचारायला लोक संकोचतात, पण त्यात पाळकांना वाईट वाटण्याचे कारण नाही.

जाता जाता माझीच एक चौकशी. आमच्या आजोबांनी लावलेल्या लग्नांच्या नोंदी आता कुठे सापडतील? काही कुटुंबे जुन्या दाखल्यासाठी माझ्याकडे येतात.

दप्तरखाना

आधी चर्चमधली मूळ नोंदवही पाहावी. हिंदी ख्रिस्ती लोकांच्या लग्नांची नोंद परवानाधारक पाळक एका वेगळ्या नोंदवहीत करीत आणि ती भरेपर्यंत आपल्याकडे सांभाळून ठेवीत. वही भरली की ती महानिबंधकाकडे जाई. १८८६ च्या जन्म, मृत्यू आणि विवाह नोंदणी कायद्याने अशा नोंदींसाठी प्रांतोप्रांती महानिबंधकाची कार्यालये झाली. त्यांच्या सूचीत शुल्क भरून शोध घेता येतो आणि तिथली प्रमाणित प्रत पुराव्यात चालते. रेल्वेतल्या किंवा लष्करातल्या युरोपियन कुटुंबांच्या लग्नांच्या प्रती मात्र लंडनला जात, त्या आता ब्रिटिश लायब्ररीत मुंबई इलाख्याच्या दप्तरात आहेत. शोध घेताना लग्नाचे साल, चर्चचे नाव आणि वडिलांचे नाव एवढे तरी हाताशी असू द्या, कारण त्या काळच्या नोंदींत मराठी आडनावांची इंग्रजी अक्षरे प्रत्येक कारकुनाने आपल्या कानाला जशी आली तशी लिहिली आहेत.